डाळ शिजत नाही तेव्हा नेमकं काय अडलेलं असतं?

आमच्या आजोळच्या विहिरीचं पाणी जड होतं. त्या पाण्यात तूरडाळ तासभर चुलीवर रटरटली तरी दाणा निबरच राहायचा. म्हणून आजी डाळीपुरतं पाणी नदीवरून वेगळ्या कळशीत आणवायची. ते नसलंच तर डाळीत चिमूटभर खायचा सोडा पडायचा. आणि डाळ शिजून, घोटून होईपर्यंत आमसुलाच्या बरणीला कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. आंबट आधी पडलं तर डाळ शिजत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पुढे रसायनशास्त्र शिकताना या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध लागला. डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा एक पदार्थ असतो, पेक्टिन. डाळ मऊ होते ती मुख्यतः हे पेक्टिन तुटून पाण्यात विरघळतं म्हणून. जड पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवतं, मग त्या तुटायला वेळ लागतो. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि साखळ्या भराभर तुटतात. आमसुलाच्या आम्लाने तेच तुटणं मंदावतं. डाळ तीच, आच तीच, शेवटी होणारी आमटीही तीच. बदलतो तो लागणारा वेळ.

हा वेळ कशावर ठरतो ते सांगण्याआधी एक घोटाळा दूर करायला हवा. एखादी अभिक्रिया होऊ शकते का, हा एक प्रश्न. ती किती वेळात होईल, हा निराळाच. कपाटातला कागद आणि भोवतालच्या हवेतला ऑक्सिजन यांची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ व्हावी, यात ऊर्जा बाहेर पडते. ऊर्जेच्या हिशेबाने त्याला कसलीच आडकाठी नाही. तरी पणजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद आपण आजही उलगडून वाचतो. हिरा तर नेहमीच्या दाबाला आणि तापमानाला ग्रॅफाइटपेक्षा कमी स्थिर असतो. म्हणजे अंगठीतल्या हिऱ्याचं हळूहळू शिसपेन्सिलीतलं काळं शिसं व्हायला हवं. होत नाही, कारण तो बदल इतका संथ आहे की पृथ्वीच्या वयाइतका काळही त्याला पुरत नाही.

अडतं कुठे? वाईहून पोलादपूरला निघालात अशी कल्पना करा. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर उंच, पोलादपूर कोकणात अगदी खाली. एकूण प्रवास उताराचा. पण गाडी सरळ खाली घरंगळत नाही. आधी पसरणी घाट चढून पाचगणी, मग महाबळेश्वर, तिथे जवळपास १,३५० मीटरवर पोचायचं, आणि मगच आंबेनळी घाटाने उतरायचं. ज्या गाडीत हा चढ चढण्याइतका दम नाही, ती पलीकडे कितीही मोठा उतार असला तरी वाईतच राहणार.

रेणूंचंही असंच. जुने बंध ताणले जाऊन सैल होईपर्यंत नवे जुळत नाहीत, आणि ताणण्यासाठी ऊर्जा खर्चावी लागते. या चढाला सक्रियण ऊर्जा म्हणतात. ही कल्पना स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडली. रेणूंना ही ऊर्जा मिळते ती एकमेकांवर आदळून. ही धडकांची बाजू मॅक्स ट्राउट्झ यांनी जर्मनीत १९१६ मध्ये आणि विल्यम लुईस यांनी इंग्लंडमध्ये १९१८ मध्ये मांडली. पहिलं महायुद्ध चालू होतं, दोन्ही देश एकमेकांविरुद्ध लढत होते आणि एकाचं काम दुसऱ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

खोलीतल्या हवेचे रेणू सरासरी ताशी १,७०० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असतात आणि प्रत्येक रेणू सेकंदाला काही अब्ज वेळा कोणावर तरी आदळतो. प्रत्येक धडक यशस्वी झाली असती तर जगातल्या बहुतेक अभिक्रिया क्षणात उरकल्या असत्या. पण धडक पुरेशा जोराची हवी आणि रेणू योग्य बाजूने भिडायला हवेत. बहुतेक वेळा ते नुसते आपटून परत फिरतात.

दहा अंशांचं गणित

वेगावर परिणाम करणाऱ्या गोष्टींत मला सर्वांत थक्क करते ती उष्णता. तापवलं की अभिक्रिया लवकर होते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण किती लवकर, आणि का, यात खरी गंमत आहे.

एखाद्या अभिक्रियेचा चढ मोलमागे, म्हणजे रेणूंच्या एका ठरावीक प्रचंड संख्येमागे, ५० किलोज्यूल आहे असं धरू. पुष्कळ अभिक्रियांचा चढ या आसपास असतो. २७ अंश सेल्सिअसला हिशेब केला तर साधारण ५१ कोटी धडकांमागे एक धडक चढ ओलांडण्याइतकी जोरदार असते. आता तापमान १० अंशांनी वाढवून ३७ करा. रेणूंचा सरासरी वेग किती वाढला? अवघा १.६ टक्के. पण जोरदार धडकांचं प्रमाण आता २७ कोटींमागे एक झालं. म्हणजे अभिक्रियेचा वेग जवळपास दुप्पट.

दीड टक्क्याने दुप्पट कसं होतं? परीक्षेच्या निकालाकडे पाहा. एखाद्या वर्षी सगळ्या विद्यार्थ्यांना दोन-दोन गुण जास्त पडले तर सरासरी फारशी हलत नाही. पण ९८ किंवा त्याहून जास्त गुण मिळवणारी मुलं मोजलीत, तर ती कैक पट झालेली दिसतात, कारण ९६ आणि ९७ वर अडलेली सगळी रांग पुढे सरकते. रेणूंतही सगळ्यांचा वेग सारखा नसतो. बहुसंख्य मधल्या वेगाचे आणि मोजकेच फार वेगवान. अभिक्रिया घडवतात ते हे टोकाचे मोजके. थोड्याशा उष्णतेने सरासरी जेमतेम हलते, पण टोकावरची गर्दी दुप्पट होते.

दहा अंशांना दुप्पट ते तिप्पट हा ठोकताळा याकोबस व्हांट हॉफ यांच्या नावाने ओळखला जातो. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये त्यांनाच मिळालं. ठोकताळा म्हणूनच तो वापरावा. चढ मोलमागे १०० किलोज्यूल असेल तर त्याच १० अंशांत वेग साडेतीन पटींहून जास्त वाढतो. चढ जितका उंच, तितकी ती अभिक्रिया उष्णतेला जास्त हळवी.

आता कुकरकडे बघा. उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांवर उकळू लागलं की मोठी आच करूनही डाळ लवकर शिजत नाही. जास्तीची उष्णता नुसती वाफ करण्यात जाते. कुकर वाफ कोंडतो, आतला दाब हवेच्या दाबाच्या जवळपास दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. वीस अंश म्हणजे दोन दुपटी, म्हणजे चौपट वेग. तासाभराची डाळ पंधरा मिनिटांत होते ती अशी. उलट लेहमध्ये, ३,५०० मीटर उंचीवर, पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे पाण्याला भरपूर उकळी फुटलेली असते आणि तांदूळ मात्र कच्चा. उकळीचा जोर पाहून शिजण्याचा अंदाज बांधायचा नसतो, कारण आत चाललेल्या अभिक्रियेला फक्त तापमान कळतं.

फ्रिज याच गणिताचं उलटं टोक. मे महिन्यात ओट्यावर तीन-चार तासांत आंबट होणारं दही फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. आंब्याची आढी लावताना गवत घालतात, त्यात पिकणाऱ्या फळांची स्वतःची ऊब कोंडली जाते आणि पिकणं वेग घेतं. मात्र जिवंत गोष्टींत उष्णता वाढवत राहण्याला मर्यादा आहे. विरजण कोमट दुधातच लावायचं, कढत दुधात नाही, कारण तिथे काम करणारे जिवाणू आणि त्यांच्यातली विकरं म्हणजे एन्झाइम्स ठरावीक तापमानाच्या पुढे मोडून पडतात. वेग वाढता वाढता एकदम शून्यावर येतो.

कूट आधी खवट का होतो

अख्खे शेंगदाणे डब्यात महिने टिकतात, कूट करून ठेवला तर काही दिवसांत खवट वास यायला लागतो. तेल तेच, हवा तीच. पण अख्ख्या दाण्यात हवेतल्या ऑक्सिजनला फक्त वरचा पापुद्रा भेटतो. कूट केला की आतलं तेल उघडं पडतं. एक सेंटिमीटर बाजू असलेल्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे एक मिलिमीटरचे तुकडे केले तर ६०. आणि एक मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे कण केले तर ६०,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ६ चौरस मीटर: मोठ्या सतरंजीएवढं क्षेत्रफळ, एका घासाएवढ्या पदार्थात.

लोखंडी तवा वर्षानुवर्षं जाळावर असतो आणि पेटत नाही. त्याच लोखंडाचा कीस फुलबाजीत ठिणग्या होऊन उडतो. साखर चमच्यात धरून पेटवली तर ती वितळते, काळी पडते. पण अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साठलेल्या साखरेच्या धुळीचा स्फोट झाला आणि १४ माणसं गेली. पिठाच्या गिरणीत, साखरेच्या गोदामात, लाकूड कापण्याच्या वखारीत तुळयांवर साचलेली बारीक धूळ रोज झाडायची असते ती याचसाठी. हवेत उडालेली धूळ प्रत्येक बाजूने ऑक्सिजनने वेढलेली असते.

ऑक्सिजनच्या प्रमाणाचं थोडक्यात सांगते. ठरावीक जागेत रेणू जास्त असतील, म्हणजे संहती जास्त असेल, तर धडका जास्त, म्हणून वेगही जास्त. चुलीत फुंकणीने हवा घालतो तेव्हा निखाऱ्याजवळचा वापरला गेलेला ऑक्सिजन बदलून ताजा पुरवतो. हवेत ऑक्सिजन फक्त २१ टक्के आहे आणि बाकी बहुतेक नायट्रोजन, यामुळे आग आपल्या आटोक्यात राहते. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ च्या जमिनीवरच्या चाचणीत यानात निव्वळ ऑक्सिजन भरलेला होता, तोही बाहेरच्या हवेपेक्षा किंचित जास्त दाबाने. ठिणगी पडली आणि एरवी सावकाश जळणाऱ्या वस्तूंनी क्षणात पेट घेतला. तिन्ही अंतराळवीर दार उघडण्याआधीच दगावले.

पण संहती वाढली की वेग वाढतोच, असं समजू नका. यकृतात दारूचं विघटन करणारं विकर थोड्याशा दारूनेच पूर्णपणे गुंतून जातं. रक्तात त्याहून जास्त दारू असली तरी ती साधारण एकाच ठरावीक गतीने कमी होते. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही ती गती वाढत नाही. एकच खिडकी असलेल्या तिकीटघरापुढे रांग कितीही लांब झाली तरी तासाला तिकिटं तेवढीच निघणार. म्हणून अशा माणसाला कॉफी पाजून गाडीची किल्ली हातात देणं धोक्याचं आहे.

दुसरा घाट

उत्प्रेरक हा शब्द आपण शाळेत पाठ करतो: अभिक्रियेत स्वतः न संपता वेग बदलणारा पदार्थ. ही व्याख्या बरोबर आहे, पण ती ऐकून उत्प्रेरक नुसता कडेला उभा राहून रेणूंना हाकतो असं वाटतं. तसं नाही. तो अभिक्रियेत पुरता उतरतो, रेणूंशी तात्पुरते बंध जोडतो आणि शेवटी मोकळा होतो. आपल्या प्रवासाच्या भाषेत सांगायचं तर महाबळेश्वरचं पठार तो खाली आणत नाही. तो भोरवरून वरंधा घाटाने जाणारा, कमी उंचीचा दुसरा रस्ता दाखवतो. निघण्याचं ठिकाण आणि पोचायचं ठिकाण यांच्या उंचीत काही फरक पडत नाही. म्हणून उत्प्रेरकाने जास्त माल तयार होत नाही, तो लवकर तयार होतो.

मटणाला कच्ची पपई चोळून ठेवतात. तिच्यातलं पपेन हे विकर प्रथिनांच्या साखळ्या तोडतं आणि मटण लवकर शिजतं. आपल्या शरीरात अशी हजारो विकरं काम करत असतात. ती नसती तर काय झालं असतं याचं एक मोजमाप रिचर्ड वुल्फेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलं. आरएनए आणि डीएनए यांचे घटक तयार होताना एक टप्पा असा येतो की तो विकराशिवाय, साध्या पाण्यात, निम्मा उरकायला ७ कोटी ८० लाख वर्षं लागतील. पेशीत तोच टप्पा सेकंदाच्या काही शतांश भागात होतो. हा आकडा वाचल्यापासून मला जिवंत असण्याचा अर्थ थोडा वेगळा वाटतो. आपल्याला लागणाऱ्या अभिक्रिया एरवीही घडल्याच असत्या, पण आपल्या आयुष्यात नाही.

शेतात पडणाऱ्या युरियामागेही हीच कथा आहे. हवेत नायट्रोजन मुबलक, पण त्याच्या रेणूतला तिहेरी बंध रसायनशास्त्रातल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक. तो तोडायला खूप तापवावं, तर तापमान वाढेल तसा तयार झालेला अमोनिया परत मोडायला लागतो. थंड ठेवलं तर अभिक्रिया हलतच नाही. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये उच्च दाब आणि उत्प्रेरक वापरून यातून वाट काढली. कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात आणली आणि त्यांचे सहकारी आल्विन मिटाश यांनी स्वस्त उत्प्रेरकाच्या शोधात हजारो प्रयोग केले. हाती लागलं ते लोखंड, त्यात थोडं अ‍ॅल्युमिनाचं आणि पोटॅशचं मिश्रण. १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊला पहिला कारखाना सुरू झाला. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात आज अमोनिया तयार होतो तो याच मार्गाने.

उत्प्रेरकाला विषबाधाही होते. मोटारीच्या धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ थर असतो आणि त्याच्यावर विषारी वायूंचं रूपांतर होतं. पेट्रोलमधलं शिसं त्या थरावर बसलं की रेणूंना तिथे जागाच उरत नाही. म्हणून १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आले तेव्हा सोबत शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं, आणि २००० पासून ते देशभर झालं.

वेग कमी करणारे पदार्थही तितकेच मोलाचे. सिमेंटमध्ये दळताना ३ ते ५ टक्के जिप्सम घालतात. ते नसेल तर पाणी ओतल्यावर काही मिनिटांतच माल घट्ट होईल आणि गवंड्याला थापी फिरवायलाही वेळ मिळणार नाही.

वेग हाताबाहेर जातो तेव्हा

बऱ्याच अभिक्रिया स्वतःच उष्णता सोडतात. उष्णतेने वेग वाढतो, वाढत्या वेगाने आणखी उष्णता. उष्णता निर्माण होणं दर काही अंशांना दुपटीने वाढतं, पण भिंतीतून ती बाहेर जाणं तापमानाच्या फरकाच्या प्रमाणातच वाढतं. त्यात भांडं मोठं असेल तर अडचण आणखी वाढते: व्यास दुप्पट केला की आतला माल आठपट होतो आणि थंड होणारी भिंत फक्त चौपट. काचेच्या चंबूत शहाण्यासारखी वागणारी अभिक्रिया पाच हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या अभिक्रियेच्या भांड्यात, म्हणूनच अंगावर येऊ शकते.

भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वेग ठरवणाऱ्या या गोष्टी एकाच टाकीत एकत्र आल्या. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होतं. हा द्रव ३९ अंशांनाच उकळतो, म्हणून तो ० अंशांच्या आसपास ठेवायचा असतो. टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा जून महिन्यापासून बंद होती. टाकीत पाणी शिरलं आणि उष्णता सोडणारी अभिक्रिया सुरू झाली. द्रवात क्लोरोफॉर्म प्रमाणाबाहेर होतं, त्यापासून आम्ल तयार झालं, आम्लाने पोलादी टाकी खाल्ली, आणि त्यातून सुटलेलं लोखंड पुढच्या अभिक्रियेला उत्प्रेरक ठरलं. उष्णता, मोठा साठा आणि उत्प्रेरक, तिन्ही एकमेकांना रेटत होते. टाकीतलं तापमान २०० अंशांच्या पुढे गेलं. थंडीच्या त्या रात्री झोपलेल्या वस्त्यांवर वायू पसरला आणि हजारो माणसं मेली.

थंड ठेवणारी यंत्रणा चालू असती तर पाणी शिरल्यावरही अभिक्रिया कितीतरी पट सावकाश सुरू झाली असती. त्या रात्री माणसांना हवा होता तो वेळच.

रासायनिक कारखान्यांत आता अशा अभिक्रियांसाठी एक साधा उपाय वापरतात. दोन्ही रसायनं एकदम न मिसळता एक रिअ‍ॅक्टरमध्ये भरायचं आणि दुसरं थोडं थोडं सोडत राहायचं. पडेल तेवढं लगेच संपतं, उष्णता बेताने निघते आणि भांड्याभोवतीच्या जॅकेटमधलं, म्हणजे बाहेरच्या पोकळ आवरणातलं थंड पाणी ती वाहून नेतं. संहतीचा लगाम धरून उष्णता आवरायची, असा हा मार्ग. ऐकायला उलटं वाटेल, पण यात सर्वांत मोठी चूक होते ती रिअ‍ॅक्टर गरजेपेक्षा जास्त थंड ठेवल्याने. थंडीत अभिक्रिया इतकी मंदावते की सोडलेलं रसायन संपतच नाही, आत साठत जातं. मग कुठल्याही कारणाने तापमान थोडं वर सरकलं की तासाभरात साठलेलं सगळं एकदम पेट घेतं. म्हणून रसायन सोडायला सुरुवात केल्यावर पहिली काही मिनिटं अनुभवी ऑपरेटर तापमानाच्या आकड्यावरून नजर हटवत नाही. रसायन पडतंय, तर आकडा थोडा चढलाच पाहिजे. चढला नाही, तर तो व्हॉल्व्ह बंद करतो.